श्रद्धा आणि धर्माधिकार

देवाची आज्ञा कोणती आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्याची आज्ञा कोणती, हा भेद करण्याचा अधिकार स्त्रीला आहे की नाही? अमेरिकेत १८३० साली स्थापन झालेल्या मॉर्मन पंथाचे उदाहरण घ्या. या पंथाच्या शिकवणुकीत स्वर्गीय पित्याबरोबर स्वर्गीय मातेलाही स्थान आहे. परंतु प्रार्थना करावयाची ती पित्याचीच. या पंथाचे ठाणे असलेल्या यूटा प्रदेशात स्त्रियांना १८७० सालीच मताधिकार मिळाला. पौरोहित्य मात्र आजही केवळ पुरुषांकडेच आहे. ते स्त्रियांनाही मिळावे म्हणून चळवळ करणाऱ्या केट केली यांना २०१४ साली पंथातून बहिष्कृत करण्यात आले.

हा प्रश्न दूरदेशीचा वाटेल. पण एका मराठी स्त्रीने तो १८८५ साली इंग्लंडातल्या धर्माधिकाऱ्यांपुढे मांडला होता. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला. मातेने ती विद्या कन्येला दिली. १८७८ साली कलकत्त्यास विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पण ज्या ग्रंथांमुळे हा मान मिळाला, ते वाचतानाच त्यांच्या ध्यानात आले की, इतर बाबतींत परस्परांशी भांडणारी शास्त्रे स्त्रीला हीन लेखण्यात मात्र एकमताने बोलतात.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वॉन्टेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. एक जोखड टाकले, म्हणून आता दुसरे मुकाट्याने मानेवर घेतील, अशी कोणाची अपेक्षा असेल, तर ती फोल ठरली. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, असा विचार निघाला. त्यावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. तरुण स्त्रीने पुरुषांना शिकविले, तर मायदेशी तिची प्रतिष्ठा राहणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. रमाबाईंचे उत्तर मोठे मार्मिक आहे. माझ्या वडिलांनी किंवा पतीने ज्याला कधी आक्षेप घेतला नाही, त्याला इंग्रजांनी घ्यावा याचे आश्चर्य वाटते, असा त्याचा आशय. भारतीय पुरोहितांच्या बंधनातून मोठ्या कष्टाने सुटले आहे. आता दुसऱ्या पुरोहितांचा प्रत्येक शब्द ईश्वराची आज्ञा म्हणून स्वीकारणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट कळविले. ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा होती, पण त्रैक्याचा सिद्धान्त केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. आपल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा त्यांचा आग्रह होता. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्रात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रमाबाईंनी १८८९ साली विधवांसाठी शारदासदन काढले. तेथील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात, असा वाद माजला आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणावर सक्ती करीत नाही. पण आपली प्रार्थना दार लावून का करावी? हे म्हणणे रास्त होते. तरीही ज्या मुलीला जगात दुसरा आसरा नाही, तिच्यावर आश्रयदात्रीच्या श्रद्धेचा किती भार पडतो, हा टीकाकारांचा प्रश्नही पोकळ नव्हता. अधिकार स्त्रीच्या हाती आला म्हणून त्याची परीक्षा संपत नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बाईमाणसालाही कळावे अशी भाषा त्यांनी योजिली. खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम तेथल्याच स्त्रियांनी केले. १९२२ साली रमाबाई वारल्या आणि १९२४ साली तो ग्रंथ बाहेर पडला.

धर्म सोडणे किंवा बदलणे, यापेक्षा हे काम कठीण आहे. मूळ भाषा शिकावी, मूळ शब्द स्वतः वाचावा आणि मगच मान तुकवावी. श्रद्धेला यात धोका नाही. धोका आहे तो तिच्या नावावर चालणाऱ्या मक्तेदारीला.