घाटातल्या गाडीचे बोलते इतिहास
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या आठवणी सांगण्याची प्रथा आहे. मी मात्र आपल्या इंदूरहून महूमार्गे खांडव्याला उतरणाऱ्या छोट्या लाइनविषयी बोलणार आहे. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी या मार्गासाठी ब्रिटिश सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने दिले, ही गोष्ट आपण शाळेतच ऐकलेली आहे. पुढे ही लाइन खांडव्यावरून अकोल्यापर्यंत जोडली गेली, आणि आपल्यापैकी कित्येक घरांतील लेकीबाळींचे वऱ्हाडातले माहेर मीनाक्षी एक्सप्रेसने जवळ आणले.

ती मीटरगेजची वाहतूक आता थांबली आहे. घाटातील पातालपानी ते कालाकुंड हा सुमारे साडेनऊ किलोमीटरचा तुकडा तेवढा २०१८ च्या डिसेंबरपासून वारसा-गाडीसाठी राखला गेला. आपण मुलाबाळांना घेऊन त्या गाडीत बसतो, धबधबा पाहतो, बोगदा आला की मुले ओरडतात. हे सारे आनंदाचेच आहे. परंतु या घाटात आयुष्य घालवलेल्या माणसांचे काय? कालाकुंडहून वर चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिन लावीत. ते लावणारा, सोडणारा, पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन रूळ तपासत चालणारा गँगमन, हे कोणत्या फलकावर आहेत?

कागदपत्रांतून पूल केव्हा बांधला, खर्च किती आला, हे कळते. त्या रात्री चालणाऱ्याला भीती कशाची वाटे, हे कळत नाही. ते विचारावे लागते, आणि सांगणारा हयात असेपर्यंतच विचारता येते. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने इंजिनांच्या जोडीने रेल्वे कामगारांच्या ध्वनिमुद्रित आठवणीही जपल्या आहेत. आपल्याकडे इंजिन रंगवून चौथऱ्यावर उभे करण्याची हौस मोठी. ते चालवणाऱ्याला चहाला बोलावण्याची सवय कमी.

पातालपानीचेच पाहा. तेथे तंट्या भिल्लाचे स्थान आहे. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला त्याला फाशी झाली. तंट्यामामाला मान देण्यासाठी गाडी तेथे क्षणभर थांबते, असे पंचक्रोशीतील लोक सांगतात. पुढे उतार तीव्र असल्याने ब्रेक तपासण्यासाठी गाडी थांबवावी लागते, असे रेल्वेची माणसे सांगतात. यांतले खरे कोणते, असा वाद घालण्यात मला रस नाही. ज्या चालकाने नियमासाठी गाडी थांबवली आणि थांबल्यावर हातही जोडले, त्याला काय वाटत होते, हे त्याच्याच तोंडून ऐकायला हवे. वारसा-गाडीतल्या प्रवाशाला या दोन्ही कथा, सांगणाऱ्याच्या आवाजात, ऐकता आल्या तर घाट वेगळाच दिसेल.

आता माझी एक चूक सांगतो. आमच्या शेजारी एक निवृत्त पॉइंट्समन काका राहत असत. वेताच्या मोठ्या कड्यात अडकवलेला टोकन धावत्या इंजिनाकडे कसा द्यायचा, कडे हातातून निसटले तर काय व्हायचे, हे ते दीड तास उभे राहून, हातवारे करून सांगत होते. मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले. घरी येऊन ऐकतो तो काय, डोक्यावरच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते! पुन्हा जाईन म्हणता म्हणता चार महिने गेले. मग काकाच गेले. काकू म्हणाल्या, "अहो, ते तुमची वाट पाहत होते हो."

म्हणून सांगतो, पंखा बंद करा. "तुमच्या काळी कसे होते?" असे मोघम विचारू नका, डब्यात काय असे, रात्रपाळीत झोप कशी आवरत, पहिला पगार कोणाच्या हाती दिला, असे विचारा. सन-तारखेत वृद्धांची गफलत होते, ती नंतर कागदांशी ताडून पाहता येते. बोलताना त्यांना अडवू नये. कुटुंबातील स्त्रियांना वेगळे बसून विचारा. बदलीच्या गावी संसार पुन्हा कसा मांडला, हे त्यांनाच ठाऊक. कालाकुंडचा कलाकंद आपण सारे खात आलो. त्याचे दूध कोणाकडून येई आणि पहाटे भट्टी कोण पेटवी, हे मला अजून सापडलेले नाही. आणि ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवण्यापूर्वी सांगणाऱ्याची संमती अवश्य घ्या. काही गोष्टी फक्त आपल्यापाशी बोललेल्या असतात.

या सभागृहात रेल्वे वसाहतीत वाढलेले निदान दहा-बारा जण मला दिसत आहेत. नववीच्या मुलामुलींच्या चार जोड्या तयार आहेत. ज्यांच्या घरी आजोबा, आजी, काका असे कोणी आहेत, त्यांनी जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत पत्ता आणि सोयीची वेळ लिहावी. मुले दुपारच्या झोपेनंतर येतील.