हवापालटाची चिठ्ठी
(घाटनांदूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शिक्षकाने वैद्यकावर बोलावे हे धाडसच होय. परंतु आपल्या ज्ञातीत आता डॉक्टरांची संख्या वाढली आहे, आणि त्यांच्याशीच आज आम्हांस थोडे भांडावयाचे आहे.

एके काळी ‘हवापालट’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी सहज असे. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीस क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. मिरजेजवळ वानलेसवाडीसही तसेच धाम उभे राहिले. मोकळी हवा, विश्रांती व सकस अन्न हीच तेव्हाची औषधयोजना होती. हा केवळ पाश्चात्त्यांचा शोध नव्हे. सुश्रुताने प्रमेहाच्या निर्धन रोग्यास अनवाणी शंभर योजने चालावयास सांगितले आहे, आणि धनिकास हरणांच्या संगतीत रानात राहावयास! शेत नांगरणे व विहीर खणणे हेही उपचारच.

पुढे स्ट्रेप्टोमायसीन आले, आणि १९५९ साली मद्रास येथील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाटीच्या वस्तीत, घरीच राहून औषधे घेणारे क्षयरोगी आरोग्यधामातील रोग्यांच्या जवळजवळ बरोबरीने बरे झाले होते. गोरगरिबांवर हे थोर उपकारच झाले. पाचगणी परवडत होती कोणास? तथापि क्षयाचे जंतू मारण्यास डोंगराची हवा लागत नाही, एवढ्यावरून माणसासच ती लागत नाही, असा समज डॉक्टरमंडळींत रुजला असे आम्हांस वाटते.

सांप्रत वारे फिरले आहे. जपानच्या वनखात्याने १९८२ पासून ‘वनस्नाना’चा पुरस्कार केला. स्कॉटलंडमधील शेटलंड बेटांवर २०१८ पासून, तर कॅनडात २०२० पासून डॉक्टर निसर्गात वेळ घालविण्याची चिठ्ठी लिहून देऊ लागले. आपले डॉक्टर मात्र बिचकतात. बोलावयास वेळ नाही, मात्रा किती सांगावी हे ठाऊक नाही. आणि खरी भीती ही की, सुई टोचली नाही तर रोगी दुसरा दवाखाना गाठील! यात दोष आपलाही आहे.

निवृत्तीनंतर आमची झोप उडाली होती. एका तरुण डॉक्टरांनी गोळ्यांखाली लिहिले, ‘रोज पहाटे माळावर चाळीस मिनिटे.’ आम्ही ती चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार हसून म्हणाला, “गुरुजी, शेवटचे औषध आमच्याकडे नाही!” आम्ही माळ धरला. महिन्याभरात झोप लागू लागली. गोळ्यांनी की माळाने, हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे.

मात्र तीच चिठ्ठी आमच्या मंडळींना मिळाली तेव्हा पेच पडला. पहाटे एकट्या बाईने माळावर जावे कसे? आणि रस्त्यावर तर मालमोटारी. शिवाय या बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांना मोकळी हवा लिहून देणे ही थट्टाच ठरेल. त्यांना हवी आहे ती सावली आणि विसावा. चिठ्ठी लिहिणाऱ्याने समोरचा माणूस पाहूनच लिहावी.

म्हणून एक विनंती. आपल्या वसतिगृहामागील मोकळ्या जागेवर दुकानांचे गाळे काढण्याचा ठराव आज दुपारच्या बैठकीत यावयाचा आहे. भाड्याचे उत्पन्न आम्हांसही कळते. मुलांची शिष्यवृत्ती त्यातूनच वाढेल. तरीही त्या जागेतील दोन कडुनिंब आणि भोवतीची फिरण्यापुरती वाट राखावी, आणि कुंपण घालून पहाटेची वेळ भगिनींसाठी ठेवावी, अशी उपसूचना आम्ही मांडणार आहोत. ज्ञातीतील डॉक्टरांनी जेवण होताच निघून न जाता त्या वेळी सभागृहात बसावे, आणि अनुमोदन द्यावयाचे की विरोध करावयाचा, ते उभे राहून सांगावे.