कोठारांतील नोकरी



महिन्याचा किराणा आणावयास आपण एखाद्या साखळी-दुकानांत जातों. तूरडाळ, साखर, साबण फळीवरून उचलतों आणि पेठेहून चार पैसे कमी पडले म्हणून संतोषानें घरीं येतों. ही स्वस्ताई बहुतांशीं गांवाबाहेरच्या कोठारांत निर्माण होते. ‘नवें कोठार उघडत आहे, कामगार पाहिजेत’ अशी जाहिरात वाचून आपल्याच गल्लींतील मुलें तेथें जातात. आज त्यांच्याविषयीं बोलावयाचें आहे.

हा व्यवहार कसा वाढला, तें भिवंडीकडे पाहिलें म्हणजे समजतें. यंत्रमागांकरितां प्रसिद्ध असलेलें हें गांव मुंबई-नाशिक रस्त्यावर, परंतु मुंबईच्या जकात-हद्दीबाहेर; त्यामुळें भोंवतालच्या खेड्यांत भातखाचरांच्या जागीं गोदामें उभीं राहिलीं. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात उठली, तरी गोदामें उलट वाढलींच. पूर्वीं विक्रीकर वांचविण्यासाठीं व्यापारी राज्याराज्यांत निराळी वखार ठेवीत. तें कारण संपलें आणि अनेक लहान वखारींऐवजीं एकच प्रचंड कोठार परवडूं लागलें. माल तेथें येतो, मोजला जातो, मांडणीवर चढतो आणि प्रत्येक दुकानाच्या मागणीप्रमाणें वेंचून ट्रकांत भरला जातो. मध्यस्थ कमी, म्हणून भाव कमी.

हें वेंचण्याचें व भरण्याचें काम अद्याप मुख्यतः माणसांच्याच हातांनीं होतें. मुलगा स्कॅनर घेऊन पाळीभर मांडण्यांमधून चालतो, आणि त्यानें किती नग वेंचले याची नोंद यंत्र ठेवतें. काम कष्टाचें आहे, पण त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. प्रश्न निराळाच आहे: हा मुलगा नोकर कोणाचा? जाहिरातींत नांव साखळीचें असतें, पण पुष्कळ ठिकाणीं पगार ठेकेदार देतो. उद्यां पोतें पाठीवर पडून मुलगा जायबंदी झाला, तर औषधपाणी कोणी पाहावयाचें?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाहीं. मुंबईच्या बाजारांतील हमालांस कायमचा असा मालक नव्हता. अण्णासाहेब पाटील यांनीं त्यांची संघटना बांधली, आणि १९६९ सालीं माथाडी कायदा झाला. मालकानें मजुरी व तिजवरील लेव्ही मंडळाकडे भरावी, आणि मंडळानें नोंद झालेल्या हमालास मजुरी, भविष्यनिर्वाह निधि व औषधोपचार पुरवावे, अशी ही योजना. मालक बदलला तरी हमालाचा हिशेब तुटत नाहीं, हें तिचें मर्म.

आजच्या कोठारांतील मुलास ‘पिकर’ किंवा ‘लोडर’ म्हणतात. नांव बदललें म्हणून गरज बदलत नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशांत नव्या श्रमसंहिता अमलांत आल्या असून त्यांअन्वयें कामगारास नियुक्तिपत्र देणें बंधनकारक आहे. म्हणून मुलगा कामावर जाण्यापूर्वीं घरच्या वडील माणसांनीं चार गोष्टी पाहाव्या. पत्रावर मालक म्हणून कोणाचें नांव आहे? पाळी किती तासांची, आणि जादा तासांस दुप्पट दर मिळणार कीं नाहीं? भविष्यनिर्वाह निधीचा १२ अंकी क्रमांक मिळाला काय? ठेकेदार बदलला तरी हा क्रमांक बदलत नाहीं, म्हणून पूर्वींचा असल्यास तोच द्यावा. आणि रात्रपाळी सुटल्यावर घरीं येण्याची सोय काय?

नोकरी जाईल ह्या धास्तीनें मुलें असें विचारावयास कचरतात. एकट्यानें विचारण्यापेक्षां पांचसात मुलांनीं मिळून विचारावें. दिवाळीच्या अगोदर तर कोठारास हातांची निकड असतेच. आपण गिऱ्हाइकेंही दुकानांत डाळीचा भाव विचारतों, तसेंच एकदां विचारावें कीं, तुमच्या कोठारांतील माणसें कोणाच्या पटावर आहेत? तेथल्या तेथें उत्तर मिळणार नाहीं. पण पुष्कळजण विचारूं लागले, म्हणजे प्रश्न वरपर्यंत पोंचतो.