परसातला नवा पाहुणा : अ‍ॅव्होकाडो

(2024 च्या गणेशोत्सवात ‘घरची बाग’ या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला एकच जण उभं असलं तरी झाड आम्ही दोघांनी मिळून वाढवलं आहे, आणि त्याआधीची दोन झाडं दोघांनी मिळूनच मारली आहेत. म्हणून जे सांगू ते ‘आम्ही’ म्हणूनच सांगू. मंडळाने घरच्या बागेवर बोला म्हटलं, तेव्हा आम्ही आंबा-लिंबाची तयारी केली होती. कार्यकर्ते म्हणाले, ते नको, ते सगळ्यांना येतं. तुमच्या घरामागे ते हिरवं काय लागलंय, त्यावर बोला. म्हणून आज अ‍ॅव्होकाडो.

हे फळ मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या वाटेने ते आपल्या देशात आलं आणि निलगिरी, कोडगू, वायनाड अशा थंड डोंगरांत कॉफीच्या मळ्यांत स्थिरावलं. तिकडे त्याला बटरफ्रूट म्हणतात. परकं वाटलं तरी त्याचं कूळ आपल्या ओळखीचं आहे. दालचिनी, तेजपान, कापराचं झाड आणि आपल्या सातपुड्याच्या जंगलातली मैदा लकडी ही सगळी त्याची भावंडं.

आमच्याकडे ते आलं 2013 च्या दिवाळीत. आमची मुलगी बेंगळुरूला असते. तिने कोडगूची तीन फळं आणली. चव कुणालाच कळली नाही. मीठ घाला म्हणाली, घातलं. साखर घाला म्हणाली, घातली. पण नातीला त्यातली गुळगुळीत बी आवडली. बीला तीन काड्या टोचून तिने ती पाण्याच्या पेल्यावर ठेवली आणि “आजी, हिला कोंब आला की मला फोन कर” असं बजावून गेली. दीड महिन्याने कोंब आला. फोन केला. आता तिच्या झाडाला जगवणं आलं.

इथे आम्ही पहिली चूक केली, आणि ती लामत्यातल्या माणसाने करावी अशीच होती. वैनगंगेच्या काठचा आपला मुलूख धानाचा. बांधीत पाणी साचलं की आपला जीव थंड होतो. रोपाला सगळ्यात चांगली जागा द्यायची म्हणून आम्ही बाडीतला विहिरीजवळचा खोलगट कोपरा निवडला. छान खोल आळं केलं. रोज सकाळी दोन बादल्या पाणी. रोप वर्षभर जोमात वाढलं. 2015 च्या पावसाळ्यात पानं फिकी पडली, मग लोंबू लागली. पानं लोंबतात म्हणजे तहान लागली, असं समजून पाऊस उघडला की आम्ही आणखी पाणी घालत होतो. पोळ्यापर्यंत झाड गेलं. उपटून पाहिलं तर बारीक मुळं काळी पडलेली, हाताला लागताच तुटणारी.

ही मुळकूज. फायटोफ्थोरा नावाचा जीव पाणी साचलेल्या मातीत पसरतो आणि अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं खातो. मुळं गेली की झाड पाण्यात उभं राहूनही तहानेने मरतं. म्हणून पानं लोंबतात, आणि आपण फसतो. अ‍ॅव्होकाडोची ही मुळं फार वरवर, जमिनीच्या पहिल्या फूटभरात असतात. त्यांना ओल हवी आणि तितकीच हवाही हवी. जगभर या झाडाचा हाच मुख्य शत्रू आहे. आज बाजारात खडबडीत काळसर सालीचं जे ‘हास’ अ‍ॅव्होकाडो मिळतं, त्याचं मूळ झाड कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या घरच्या आवारात होतं. बीपासून उगवलेलं, कलम न जमलेलं, काढूनच टाकायला निघालेलं झाड. पण फळ मुलांना आवडलं म्हणून ठेवलं, असं सांगतात. 1935 साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. जगातली सगळी हासची झाडं त्या एका झाडाची लेकरं. ते मूळ झाड 2002 साली मेलं, तेही मुळकुजीनेच.

दुसरं झाड आम्ही ऐटीत विकत आणलं. एका रोपवाटिकेतून हासचं कलम, बाराशे रुपये. “कुठेही येतं” असं सांगितलं आणि आम्ही विश्वास ठेवला. या वेळी पाणी साचू नये म्हणून उंचावर, मोकळ्यावर लावलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला. 2016 च्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला. पश्चिमेकडच्या अंगाची साल भाजून तडकली आणि पंधरा दिवसांत कलम वाळलं. हे झाड डोंगरातल्या सावलीचं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण लक्षात ठेवलं नाही.

याच वर्षी आम्ही दोघं निवृत्त झालो. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरूला. दोघांचंही एकच म्हणणं होतं, आता तिथे काय आहे, घर विका आणि आमच्याकडे या. हे वाक्य इथे बसलेल्या किती घरांत ऐकलं गेलंय, ते हात वर करायला न सांगताही आम्हाला माहीत आहे. त्या गणपतीत मुलीने पुन्हा दोन फळं आणली. बिया हातात घेऊन आम्ही बसलो होतो. बीपासूनच्या झाडाला फळ यायला सहा-सात वर्षं, कधी दहाही लागतात. शेजारचे भाऊ हसून म्हणाले, “काका, फळ खायला तुम्ही इथे राहणार आहात का?”

प्रश्न खरा होता. आमच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. पण आमचे आजोबा छोट्या रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इकडे आले, तेव्हा त्यांनी मागच्या बाजूला फणस लावला. किती वर्षं इथे राहायचं, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? पुढे प्रांत बदलला, राजधानी नागपूरची भोपाळ झाली, छोटी रेल्वे जाऊन मोठी आली. फणस तिथेच आहे. आम्ही बी लावली.

आता जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

बी ताजीच लावा. वाळली की ती उगवण्याची आशा कमी. रुंद बाजू खाली, टोक वर, आणि वरचा थोडा भाग मातीबाहेर. पेल्याची गंमत मुलांसाठी ठीक. आम्ही मात्र यंदा थेट मोठ्या पिशवीत लावली आणि वर्षभर फणसाच्या सावलीत ठेवली.

जमिनीत लावण्याआधी एक परीक्षा करा. दीड फुटाचा खड्डा खणून संध्याकाळी पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. सकाळी पाणी शिल्लक दिसलं, तर त्या जागी आळं करू नका, उलट करा. आम्ही दोन फूट उंच आणि सहा फूट रुंद असा मातीचा ढीग केला; त्यात मुरूम, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि ट्रायकोडर्मा मिसळलं. पावसाचा जोर ओसरल्यावर, 2017 च्या सप्टेंबरात, रोप त्या ढिगावर लावलं. खोड मातीत गाडलं जाणार नाही एवढं जपलं. धानाच्या गावात ही रीत विचित्र दिसते. येणारा-जाणारा विचारायचा, इथे कुणाला पुरलंय का?

ढिगावर तणस पसरा, चांगलं वीतभर जाड. पण खोडापासून थोडं लांब ठेवा. तणसाने ओल टिकते, मुळं थंड राहतात आणि कुजून खत होतं. खोडाभोवती खुरपं आणि कुदळ चालवू नका, कारण मुळं वरच आहेत. गवत हाताने उपटा.

पहिले दोन-तीन उन्हाळे पश्चिमेकडून सावली हवीच. आम्ही बांबू रोवून हिरवी जाळी बांधली आणि खोडाला पातळ चुना फासला. चुन्याने ऊन परततं, साल भाजत नाही. जूनमध्ये जाळी काढायची.

पाणी घालण्याआधी तणस बाजूला सारून मातीत बोट घाला. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर बादली परत न्या. आमच्यासाठी सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती. झाडावर माया करायची म्हणजे पाणी घालायचं, एवढंच आपल्याला शिकवलेलं. या झाडाने आम्हाला बादली खाली ठेवायला शिकवलं. उन्हाळ्यात कोवळ्या रोपाला आठवड्यातून दोन-तीनदा, पावसाळ्यात अजिबात नाही. बोअरचं पाणी खारट असेल तर पानांची टोकं तपकिरी होऊन जळतात; तेव्हा विहिरीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी बरं. खत थोडं थोडं, वर्षातून तीन वेळा. युरियाची मूठ एकदम नको.

गुरं-शेळ्यांची एक गोष्ट ठळक सांगतो. या झाडाच्या पानांत आणि सालीत पर्सिन नावाचं द्रव्य असतं. माणसाला फळाचा गर चालतो, पण पाला खाल्ल्यास शेळी, गाय, घोडा यांना बाधतो. दुभत्या जनावराची कास सुजते आणि हृदयालाही धोका होतो. पिंजऱ्यातल्या पोपटाला तर फळही देऊ नका. छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढे टाकायची आपली सवय इथे सोडायची.

आमचं झाड सात वर्षांनी, या फेब्रुवारीत फुललं. पिवळट हिरवी, बारीक, हजारोंनी फुलं. यांचा संसारही गमतीचा. एकच फूल दोनदा उघडतं. पहिल्यांदा मादी म्हणून, मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही जातींत सकाळी मादी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर. काहींत बरोबर उलट. म्हणून दोन प्रकारची झाडं जवळ असली तर फळ जास्त धरतं. एकट्या झाडावरही थोडं धरतं, कारण वेळा काही वेळ जुळतात. आमच्याकडे मधमाश्या होत्या, झाड एकच. हजारो फुलांतून तेरा फळं धरली. मेच्या झळांनी नऊ गळली. चार राहिली.

त्यातलं एक माकडाने नेलं. एक आम्ही उतावीळपणे जुलैत तोडलं. ते पिकलंच नाही, सुरकुतून रबरासारखं झालं. अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही. पूर्ण भरलं की तोडायचं आणि घरात पिकवायचं. हे आपल्याला नवीन नाही, आंब्याची आढी आपण घालतोच. तिसरं फळ ऑगस्टअखेर तोडलं आणि तणसात, पिकल्या केळ्याशेजारी ठेवलं. आठव्या दिवशी देठाजवळ हलकं दाबल्यावर दबलं.

गौरीला मुलगी आली होती, नातही. ती आता बारावीला आहे. पेल्यातली बी तिला आठवत नव्हती, पण फोन करून “कोंब आला” असं सांगितलेलं आठवत होतं. एक फळ सहा जणांत वाटलं. चिन्नोरच्या गरम भातावर मीठ, लिंबू आणि हिरवी मिरची घालून ते कालवलं. खरं सांगायचं तर तूप-भात जास्त चांगला लागतो. पण त्या दिवशी ताटात काही उरलं नाही.

कुणी पैशाच्या आशेने लावणार असेल तर आधी थांबा. बीचं झाड आईसारखंच फळ देईल याची खात्री नसते, आणि आपला मे महिना त्याच्या बाजूचा नाही. कलमांसाठी कोडगूतल्या चेट्टळ्ळीच्या केंद्रासारख्या ठिकाणी चौकशी करून, जात समजून घेऊनच पैसे घाला. पण परसात उंच जागा आहे, जवळ आंब्या-फणसाची सावली आहे आणि रोज मातीत बोट घालायला कुणी घरी आहे, अशा घरात एक झाड जरूर असावं.

घराचं काय ठरलं, हे पुष्कळ जण विचारतात. अजून ठरलेलं नाही. मुलांचं म्हणणं चुकीचं नाही, दवाखाने तिकडे आहेत. एवढंच झालंय की गौरी विसर्जनानंतर निघताना नातीने विचारलं, शेवटचं फळ कधी तोडणार? आम्ही म्हटलं, तू सुट्टीत येशील तेव्हा. आता ती येईपर्यंत माकडांपासून ते राखायचं काम आमच्याकडे आहे.

त्या तिसऱ्या फळाची बी पिशवीत लावली आहे. मुलीने आणलेल्या बियांची चार रोपंही तयार आहेत, बाहेर पायरीवर ठेवलीत. ज्यांना हवं त्यांनी जाताना न्यावं. पण आधी घरी जाऊन खड्डा खणा, पाणी भरा, आणि सकाळी पाहा. पाणी उभं दिसलं तर पुढच्या आठवड्यात या. ढीग करायला आम्ही दोघं येऊ.

गणपती बाप्पा मोरया!