साष्टीच्या लेण्यांत एक दिवस



मुंबई पाहावयास येणारा प्रवासी बहुधा गेटवे ऑफ इंडियापासून प्रारंभ करतो आणि तेथून लाँचने घारापुरीस जाऊन परततो. प्राचीन अवशेष पाहिल्याचे समाधान त्याला तेवढ्याने लाभते. बोरिवली, जोगेश्वरी, अंधेरी ही त्याच्या लेखी केवळ लोकलगाडीची स्थानके असतात. वस्तुतः ज्या साष्टी बेटावर ही उपनगरे वसली, तेथे सुमारे एक हजार वर्षे खडक कोरण्याचे काम चालू होते. कान्हेरी, मंडपेश्वर, कोंडिविटे आणि जोगेश्वरी ही चार ठिकाणे सकाळी लवकर निघाल्यास एका दिवसात पाहून होतात. अलीकडे सुटीच्या दिवशी इतिहासाचे अभ्यासक अशा सहली नेऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र ही सहल केवळ भग्न शिल्पांची नाही. या चारांपैकी दोन ठिकाणी आजही घंटा वाजते, फुले वाहिली जातात. अवशेष आणि देवस्थान एकाच छताखाली नांदतात, तेव्हा ते जपायचे कसे, हा प्रश्न या वाटेवर पावलोपावली उभा राहतो.

सहलीचा प्रारंभ कान्हेरीने करावा हे उत्तम; कारण उन्हे चढल्यावर तेथील कातळ तापतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून सुमारे सहा-सात किलोमीटरचा रस्ता वनातून वर जातो. उद्यान सोमवारी बंद असते, हे ध्यानी ठेवावे. प्राचीन लेखांत या डोंगराचे नाव ‘कण्हगिरी’ अथवा ‘कण्हसेल’ असे येते. ‘कृष्णगिरी’ हे त्याचे संस्कृत रूप. काळ्या कातळाचा हा डोंगर. त्यात शंभरांहून अधिक लेणी आहेत. एकाच डोंगरावर इतक्या संख्येने असलेली लेणी देशात क्वचितच आढळतात.

तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह हे येथील प्रमुख लेणे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, दोन व्यापारी बंधूंनी त्याचे काम आरंभिल्याचे तेथील लेखावरून कळते. सुमारे २६ मीटर लांबीच्या या दालनात खांबांच्या दोन रांगा व टोकाशी स्तूप आहे. व्हरांड्यात दोन्ही बाजूंस सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धाच्या उभ्या मूर्ती आहेत; त्या नंतरच्या काळात, पाचव्या शतकाच्या सुमारास कोरल्या गेल्या.

परंतु जाणता मार्गदर्शक प्रवाशांना केवळ मूर्तींपाशी थांबवीत नाही. तो त्यांना पायऱ्यांवरून वर नेतो आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी असलेली पाण्याची पोढी दाखवितो. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस कातळात कोरलेल्या पन्हाळींनी या टाक्यांत आणून सोडण्याची ती व्यवस्था होती. शेकडो भिक्षूंची वस्ती उन्हाळ्यातही टिकावी, यासाठी केलेली ही योजना होय. याच डोंगररांगांत विहार आणि तुळशी हे तलाव एकोणिसाव्या शतकात बांधले गेले आणि मुंबईस पाणी मिळाले. पावसाचे पाणी अडविण्याचे तत्त्व या डोंगरास त्यापूर्वीही अनेक शतके परिचित होते.

या वस्तीचा चरितार्थ कसा चाले, याचे उत्तरही कातळावरच लिहिलेले आहे. सोपारा आणि कल्याण ही त्या काळची भरभराटीची बंदरे. तेथील व्यापारी, सोनार, गृहस्थ आणि स्त्रिया यांची नावे दानलेखांत आढळतात. कल्याणच्या एका गृहस्थाने लेणे व पोढी तर दिलीच, शिवाय रोख रक्कम कायमची ठेव म्हणून ठेवली आणि मंगलथान गावातील शेत संघास अर्पण केले. त्या उत्पन्नातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय व्हावयाची होती. मंगलथान म्हणजे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. मागाठाण्यासही बौद्ध लेणी आहेत. मात्र ती बोरिवली पूर्वेच्या दाट वस्तीत जवळजवळ हरवून गेली आहेत. मेट्रोच्या स्थानकावर ते नाव रोज हजारो प्रवासी वाचतात. त्या नावाचे गाव कान्हेरीच्या कातळावरही कोरलेले आहे, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल.

नवव्या शतकातील राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील लेखही येथे आहेत. नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात तर पहलवी लिपीतील लेख दिसतात. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे त्यांत नोंदविली आहेत. बौद्धांचे हे स्थान पाहण्यास भिन्न धर्माचे लोक एक हजार वर्षांपूर्वीही येत होते, याचा हा पुरावा.

कान्हेरीहून उतरल्यावर दुसरा मुक्काम बोरिवली पश्चिमेस, माउंट पोईसर नजीकच्या मंडपेश्वराचा. हे शैव लेणे साधारणतः सहाव्या शतकातील मानले जाते. नृत्यमग्न शिवाचे शिल्प हे त्याचे वैभव. याच लेण्याच्या माथ्यावर एका जुन्या ख्रिस्ती मठाच्या भिंती उभ्या आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांची सत्ता साष्टीवर आली, तेव्हा फ्रान्सिस्कन पंथीयांनी या लेण्याचे प्रार्थनास्थळ केले आणि वर मठ उभारला. लेण्यातील एका शिल्पफलकावर कोरलेला मोठा क्रूस त्या काळाची साक्ष देतो. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई सर झाली, आणि कालांतराने येथे शिवपूजा पुन्हा सुरू झाली. आज गाभाऱ्यातील पिंडीवर बेल वाहिला जातो व महाशिवरात्रीस भाविकांची रीघ लागते. शेजारच्या वस्तीत ख्रिस्ती कुटुंबेही नांदतात.

मार्गदर्शकाची खरी कसोटी येथे लागते. एका पक्षास रुचेल तेवढाच इतिहास सांगणे सोपे असते. परंतु क्रूस वगळून मंडपेश्वर सांगता येत नाही आणि नटराज वगळूनही सांगता येत नाही. दोन्ही दाखवून, कोणत्या वर्षी कोणाची सत्ता होती हे शांतपणे सांगणारा मार्गदर्शक श्रोत्यांना भांडणाऐवजी समज देतो.

तिसरे ठिकाण अंधेरी पूर्वेचे कोंडिविटे, म्हणजेच महाकाली लेणी. हे नाव जवळच्या देवीच्या मंदिरावरून पडले; लेणी मात्र बौद्ध आहेत. एकूण एकोणीस लेण्यांपैकी नववे विशेष पाहण्याजोगे. आयताकृती दालनाच्या टोकाशी कातळातच एक वर्तुळाकार खोली कोरलेली असून तिच्या भिंतीस दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. आत स्तूप आहे. बिहारातील बराबर टेकड्यांवरील प्राचीन गुंफांशी या रचनेचे साम्य आहे. गवताने शाकारलेल्या गोल झोपडीचे रूप शिल्पकाराने दगडात उतरविले, असे ते पाहताना वाटते. लेण्यांच्या आवाराबाहेर पाऊल टाकताच मात्र चाळी, इमारती आणि वाहनांची वर्दळ सुरू होते.

दिवेलागणीच्या सुमारास सहलीने जोगेश्वरीस पोहोचावे. घरांच्या रांगांमधून जाणारी वाट एकाएकी जमिनीखाली उतरते आणि पायऱ्यांच्या शेवटी विस्तीर्ण मंडप समोर येतो. मध्यभागी चार दारांचा गाभारा, भोवती खांब, भिंतींवर शिवपार्वतीचा विवाह आणि सारीपाट यांची झिजलेली शिल्पे. वॉल्टर स्पिंक या अमेरिकी अभ्यासकाच्या मते हे लेणे इसवी सन ५२० ते ५५० च्या दरम्यानचे, म्हणजे घारापुरीच्या मुख्य लेण्यापूर्वीचे आहे. जोगेश्वरी देवीचे स्थान येथे असून अनेक घराण्यांची ती कुलदेवता आहे. ओटी भरावयास आलेल्या सुवासिनी, नवसाचा नारळ घेऊन आलेला गृहस्थ आणि वही-पेन्सिल घेतलेला विद्यार्थी येथे एकाच वेळी दिसतात.

वयस्कर भाविक सांगतात की हे सारे पांडवांनी एका रात्रीत कोरले. अशा वेळी मार्गदर्शकाने त्यांचा उपहास करू नये. या लोककथेमुळेच पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ही स्थाने पवित्र मानली आणि त्यांकडे पाठ फिरविली नाही, हे त्याने आपल्या श्रोत्यांस समजावून द्यावे. त्यानंतर शतके व राजवटी सांगाव्यात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जोगेश्वरीचा दगड मऊ व भुसभुशीत आहे. लेण्याच्या छतावर व सभोवार वस्ती झाली आणि सांडपाणी व पावसाचे पाणी कातळात झिरपू लागले. ओलाव्याने शिल्पांचे थर सुटतात. एकदा गळून पडलेला चेहरा पुन्हा लाभत नाही. हा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. दुसरीकडे, प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई केली आणि त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी आवश्यक ठरविली. स्मारकाच्या दृष्टीने हे हितकारक आहे. पण त्या वर्तुळात राहणाऱ्या कुटुंबाचे घर मोडकळीस आले असेल, तर पुनर्विकासाचा मार्ग त्याला बंद होतो. त्याच्या दृष्टीने लेणे म्हणजे वारसा नसून अडसर ठरतो. त्या कुटुंबास दोष देऊन लेणे वाचणार नाही, आणि लेण्यावर पाणी सोडून त्या कुटुंबाचेही भले होणार नाही. मलनिःसारणाची वाट लेण्यापासून दूर वळविणे, दुरुस्तीच्या परवानग्या वेळेवर मिळणे आणि जेथे स्थलांतर अपरिहार्य तेथे पर्यायी घर आधी देणे, अशा क्रमाने गेल्यासच हा गुंता सुटू शकेल.

शासनाचे हे उत्तरदायित्व संविधानाच्या ४९व्या अनुच्छेदात नमूद आहे. त्याचबरोबर १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे जतन करण्याची जबाबदारी प्रत्येक नागरिकावरही सोपविलेली आहे. हे कर्तव्य पार पाडावयास फार मोठे साहस लागत नाही. भिंतीवर नाव कोरू नये. तसे करणे दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास अथवा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरते. शिल्पांवर तेल, शेंदूर लावू नये, समईची काजळी भिंतीस लागू देऊ नये. पोढ्यांत प्लास्टिक टाकू नये. देवीची ओटी भरून झाल्यावर निर्माल्य ठरल्या जागी ठेवावे. पूजा बंद करा, असे कोणी म्हणत नाही. पूजेची रीत दगडास सोसेल अशी असावी, इतकेच.

आणि ज्यांची घरे लेण्यांच्या छायेत आहेत, त्यांच्या मुलांना प्रथम ही लेणी दाखवावीत. जोगेश्वरीच्या किंवा महाकालीच्या परिसरातील शाळांनी वर्षातून एकदा दूरच्या किल्ल्याऐवजी शेजारच्या लेण्यात सहल नेली, तर त्यास बसभाडेही लागणार नाही. त्याच वस्तीतील होतकरू तरुणांना मार्गदर्शकाचे शिक्षण मिळाले, तर ज्या स्मारकामुळे त्यांचे घर अडले, त्याच स्मारकामुळे त्यांच्या घरात चार पैसे येतील. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांची सहल संध्याकाळी संपते. लेण्यांची राखण मात्र त्यांच्या दाराशी राहणाऱ्यांनाच रोज करावयाची आहे, आणि त्यांना तिचा भार न वाटता लाभ व्हावा, ही व्यवस्था लावणे हे शासन व समाज या दोहोंचे काम आहे.