सरहद्द नकाशावर, जंगल जमिनीवर





‘भूदृश्य परिस्थितिविज्ञान’ हा आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. नाव जड आहे खरे. पण विषय आपल्या उंबरठ्याशी आलेला आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तर तो उंबरठा ओलांडून घरात शिरला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले. तलाव, नदी, नाले आणि सिमेंटचे रस्ते हे वेगवेगळ्या खात्यांचे विषय असले तरी पाण्याला ते एकच असतात, हा धडा त्या पहाटे नागपूरकरांना मिळाला.

जंगल, शेत, तलाव, गाव आणि रस्ता यांचे तुकडे एखाद्या प्रदेशात कसे मांडलेले आहेत, आणि त्या मांडणीचा माती, पाणी, प्राणी व माणूस यांच्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास म्हणजे हे शास्त्र. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलज्ञाने विमानातून घेतलेली छायाचित्रे अभ्यासून १९३९ मध्ये त्याला नाव दिले. पण अशी नजर त्याआधीही होती. सुमारे हजार वर्षांपूर्वी अल्-बिरुनी हिंदुस्थानविषयी लिहिताना सांगतो की, डोंगरापाशी नद्यांतले दगड मोठे असतात, पुढे ते लहान होत जातात आणि मुखापाशी त्यांची वाळू होते. म्हणजे हे मैदान पूर्वी समुद्र असून गाळाने भरले असावे. एका दगडावरून सबंध प्रदेश वाचण्याची ही विद्या आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. नागपूरच्या उत्तरेला पेंचचे जंगल आहे. ते एकच असले तरी त्यातून दोन राज्यांची सीमा जाते. मध्य प्रदेशातील भाग १९९२ मध्ये आणि महाराष्ट्रातील भाग १९९९ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. वाघाला ही सीमा ठाऊक नाही. पेंच आणि कान्हा येथील वाघांच्या विष्ठेतील जनुके तपासली, तेव्हा दोन्हीकडच्या वाघांचे रक्ताचे नाते टिकून असल्याचे दिसले. मधली शेते व गावरान जंगले यांतून त्यांची ये-जा होत होती, म्हणूनच हे नाते टिकले.

याच जंगलातून नागपूर-सिवनी महामार्ग जातो. रस्ता रुंद करण्यावरून अनेक वर्षे वाद आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर महाराष्ट्राच्या बाजूला जनावरांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी मार्ग ठेवले गेले. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. पुढे भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी तेथे कॅमेरे लावले. चितळ आणि रानडुकरांसह वाघही त्या पुलांखालून जाताना दिसले. अभियंता, वनाधिकारी आणि प्राणिशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसले म्हणून हे घडले. ते आधीच बसले असते तर मधली वर्षे वाचली असती.

दुसरे उदाहरण सारस पक्ष्याचे. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानशेतीत उरला आहे. वैनगंगा आणि बाघ या नद्यांपलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आहे. पक्षी सकाळी एका काठावर असतो, तर संध्याकाळी दुसऱ्या. दोन्ही जिल्ह्यांनी आपापल्या सोयीने मोजणी केली तर एकच पक्षी दोनदा मोजला जाईल किंवा मुळीच मोजला जाणार नाही. म्हणून दोन्ही काठांवर एकाच काळात आणि एकाच पद्धतीने मोजणी करावी लागते. या कामात स्थानिक संस्था आणि शेतकरी पुढे आहेत. सहकार्याचे पहिले सूत्र हेच: पद्धत एक, वेळ एक.

दुसरे सूत्र, माहिती दडवू नये. एकाजवळ पावसाची आकडेवारी, दुसऱ्याजवळ मातीचा नकाशा आणि तिसऱ्याजवळ उपग्रहाचे छायाचित्र असते. तिन्ही कपाटे बंद असतील तर ज्ञान कोठून येणार? आणि तिसरे सूत्र, गावच्या माणसाला केवळ वाटाड्या समजू नये. पूर्व विदर्भातील हजारो मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या पाणीज्ञानातून उभे राहिले. कोणत्या उतारावर पाळ घालावी आणि सांडवा कोठे काढावा, हे त्यांना अचूक कळत होते. तलावातल्या वनस्पती आणि मासे यांची ओळख धीवर बांधवांना आजही आहे. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि पुढे कित्येक गाळाने भरले. ज्ञान असलेल्या माणसाला कामातून वगळले की असे होते.

नागपूर या कामाचे स्वाभाविक केंद्र आहे. १९५८ साली सुरू झालेली आणि १९७४ पासून ‘नीरी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था येथे आहे. मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजनाचे राष्ट्रीय कार्यालय आणि महाराष्ट्राचे सुदूर संवेदन केंद्रही येथेच आहे. आपल्या मोहल्ल्यांपासून ती काही कोसांवर आहेत. पण आपली किती मुले-मुली त्या फाटकातून आत गेली? हा प्रश्न मी दुसऱ्या कोणाला नाही, आपल्यालाच विचारतो आहे.

डॉ. सलीम अली यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. आईवडील लहानपणीच गेले, विद्यापीठाची नेहमीची पदवीही हाती नव्हती. तरी बर्लिनला जाऊन त्यांनी प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्याकडे शास्त्रशुद्ध अभ्यासाचे धडे घेतले आणि देशभर हिंडून पक्ष्यांच्या नोंदी केल्या. त्यांचे भांडवल एवढेच: पाहणे, लिहून ठेवणे आणि लिहिलेले दुसऱ्यांना देणे.

हे भांडवल आपल्यालाही परवडणारे आहे. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवावा. मोहल्ल्यातील विहिरींची पातळी दरमहा मोजावी. कब्रस्तानातील जुनी झाडे आणि त्यांवरील पक्षी यांची नोंदवही ठेवावी. दाट शहरात अशा जागा म्हणजे हिरवी बेटेच असतात. शेजारच्या मराठी व हिंदी शाळांनीही याच पद्धतीने नोंदी कराव्यात आणि वर्षाअखेर सर्वांनी वह्या एकत्र मांडाव्यात. पाच-दहा वर्षांनी त्या वह्या शास्त्रज्ञांनाही हव्याशा वाटतील.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानासुद्धा पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. पण पाणी जपायचे तर ते कोठून येते आणि कोठे जाते हे आधी माहीत हवे. नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. आपण येथे टाकलेली घाण पुढे गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत जाते. तेव्हा शेजारी म्हणजे केवळ भिंतीपलीकडचा नव्हे, प्रवाहाच्या खालच्या अंगाचाही.

पहिली वही येत्या मृग नक्षत्रावर उघडावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.