पाण्याला थांबायला जागा



या व्यासपीठावर विद्वानांची परंपरा आहे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा हवामानशास्त्र शिकवण्याचा आव आम्ही आणणार नाही. पाणी घरात शिरले म्हणजे काय होते, एवढे मात्र आम्हांला ठाऊक आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नाही! मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली, आणि नेमकी दुपारी मोठी भरती. आम्ही कुर्ल्याच्या एका चाळीत माळ्यावर रात्र काढली. खाली छातीइतके पाणी. त्यात कोणाचे वर्षाचे धान्य, कोणाचे शिलाईचे यंत्र. पाणी ओसरल्यावर माणसे कामावर गेली, तर एका कारखान्याने गैरहजेरीचा पगार कापला. तो युनियनने भांडून परत मिळवला. शिलाईचे यंत्र कोणाकडून मिळवायचे?

मिठी नदी विहार आणि पवई तलावांचे ओसंडलेले पाणी माहीमच्या खाडीला नेते. तिचे पात्र भरावाने आवळले, विमानतळापाशी तिला काटकोनात वळवले, आणि मुखाजवळची दलदल बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभे केले. भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते कोठेतरी थांबले पाहिजे. गिरणीच्या फाटकावर बदली कामगार थांबत असे, तसे. बदलीवाला निदान निमूट घरी परत जाई. पाणी दुसऱ्यांच्या घरी जाते.

ही थांबायची जागा म्हणजे खाजण, तिवरांचे रान आणि मिठागरे. तिवराची मुळे चिखलातून बोटांसारखी वर येतात. झाड त्यांतून श्वास घेते, त्यांतच गाळ अडतो आणि लाटेचा जोर मोडतो. मीठ पावसाळ्यात पिकत नाही, म्हणून ते चार महिने बांधांमधली सखल जमीन पाणी धरायला मोकळी असते. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, म्हणून पुढचा पाऊस अधिक जोराने कोसळायचा आहे. समुद्रही चढतो आहे. अशा वेळी ही जमीन ओसाड म्हणणाऱ्याने एकदा आमच्या माळ्यावर झोपून पाहावे.

२०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. ते ठीकच झाले. मिठागरांचे प्रकरण अवघड आहे. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावीच्या पुनर्वसनासाठी कांजूर, भांडुप, मुलुंडकडची सुमारे २५६ एकर मिठागरे घेण्यास मान्यता दिली. येथे आमची पंचाईत झाली. कामगाराला घर द्या म्हणून आम्ही जन्मभर मोर्चे काढले. एका सभेत एका बाईंनी उभे राहून विचारले, "दादा, तुम्ही आमच्या बाजूचे की त्या खाडीतल्या पाखरांच्या?" त्या दिवशी आम्हांला उत्तर सुचले नाही.

उत्तर गिरणगावात होते. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेला आणि सार्वजनिक घरांना मिळायचा होता. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या तुकड्यांची होऊ लागली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. तेथे आज मनोरे आहेत. म्हणजे घरासाठी जमीन नव्हती असे नाही. ती दुसऱ्यांना गेली, आणि आता गरिबाला पाण्याच्या जागेवर राहा म्हणतात. उद्या त्याच्याच तळमजल्यात पाणी शिरेल. मिठागरावर राबणारा मजूर तर कोणाच्याच यादीत नाही.

पुढच्या सभेत त्या बाईंना आम्ही हा हिशेब सांगितला. पटला असे त्या म्हणाल्या नाहीत. जागा दाखवा, म्हणाल्या. येत्या पावसाळ्यात, पहिल्या मोठ्या भरतीच्या दिवशी, आम्ही सभासदांना घेऊन भांडुपला जाणार आहोत. त्या बाईंनी येण्याचे कबूल केले आहे.